लघवीच्या गळतीसाठी इम्प्लांट: कुठल्या पायरीला काय करायचं, काय टाळायचं

कोल्हापुरात मूत्रविकार वॉर्डात सिस्टर म्हणून बरीच वर्षं काढली. आता घरोघरी ड्रेसिंग करायला, नळी बदलायला जाते. दोन्हीकडे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. लघवी गळते म्हणून माणूस पाच-सात वर्षं तोंडातून शब्द काढत नाही, आणि एकदा बोलायचं धाडस झालं की पुढच्या पंधरवड्यात ऑपरेशन उरकून टाकायला निघतो. मधल्या पायऱ्या राहून जातात. मग दोन महिन्यांनी फोन येतो, "सिस्टर, पैसं गेलं, टाकं पडलं, पण कापड अजून वलंच हुतंय."

इम्प्लांट म्हणजे शरीरात कायमची बसवायची वस्तू. गळतीसाठी मुख्यतः तीन प्रकारची असतात: लघवीच्या नळीखाली आधाराला घातलेली जाळीची पट्टी, नळीभोवती बसवलेली कृत्रिम झडप, आणि माकडहाडाजवळच्या मज्जातंतूला हलके झटके देणारं बॅटरीचं यंत्र. तिघांची कामं वेगळी आहेत आणि एकाच्या जागी दुसरं चालत नाही. कुठलं बसवायचं ते मूत्रविकारतज्ज्ञ ठरवतील. त्यांच्यासमोर बसण्याआधी आणि घरी परतल्यावर जे आपल्या हातात असतं, ते इथे क्रमाने लिहिलं आहे. क्रम बदलू नका.

पायरी १: गळती कुठली ते ओळखा

"लघवी गळते" एवढं सांगून भागत नाही. नेमकी केव्हा गळते ते सांगावं लागतं.

खोकला, शिंक, हसणं, भरलेली घागर उचलणं, उसाची मोळी डोक्यावर घेणं, गाडी स्पीडब्रेकरवरून उडणं, अशा क्षणी लघवी जात असेल तर ती दाबाची गळती. पोटात दाब वाढतो आणि नळीचं तोंड तो पेलत नाही. बाळंतपणांनंतर बायकांत ही जास्त दिसते. पुरुषांत प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी ग्रंथी काढल्यानंतर दिसते.

अचानक जोराची लागते, बाथरूमपर्यंत पोचेस्तोवर सुटते, दाराचं कुलूप काढताना किंवा नळाचा आवाज ऐकूनच धरवत नाही, ही घाईची गळती. इथे नळीचं तोंड ठीक असू शकतं. मूत्राशयच आपल्याला न विचारता आवळतं.

दोन्ही एकत्र असतील तर मिश्र गळती. तेव्हा यातला कुठला त्रास जास्त छळतो, हे तुम्हीच सांगायचं असतं. दुसऱ्या कुणाला ते कळणार नाही.

लघवीची धार बारीक, जोर लावावा लागतो, गेल्यावरही पोटात उरल्यासारखं वाटतं आणि रात्री अंथरूण ओलं होतं, असं असेल तर मूत्राशय भरून ओसंडत असण्याची शक्यता आहे. वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी असलेल्या आण्णा-आबांमध्ये, तसंच बरीच वर्षं शुगर असलेल्यांमध्ये हे दिसतं. आधीच न रिकामं होणाऱ्या मूत्राशयाचं तोंड आणखी आवळलं तर मूत्रपिंडांवर ताण येतो.

आणि एक प्रकार आहे तो कुणी विचारल्याशिवाय सांगत नाही. गर्भपिशवी काढल्यानंतर किंवा अवघड बाळंतपणानंतर रात्रंदिवस, झोपेतसुद्धा, सतत ओलं राहणं. हे बहुतेक वेळा मूत्राशय आणि योनी यांच्यात पडलेलं छिद्र असतं. त्याला इम्प्लांट लागत नाही, छिद्र बंद करण्याचं वेगळं ऑपरेशन लागतं.

थांबा, आधी डॉक्टर: लघवीतून रक्त, थंडीताप, लघवी पूर्ण अडकणं यांपैकी काही असेल तर पुढचं वाचत बसू नका. कंबरदुखीबरोबर एकाएकी लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, बसायच्या जागेला बधिरपणा आला, तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठा. मणक्यातल्या नसा दबल्याची ती खूण असू शकते.

पायरी २: तीन दिवसांची वही

राधानगरीकडच्या एक मावशी आल्या होत्या. म्हणाल्या, "खोकल्यावर जातंय." शेजारणीचं असंच होतं, तिला पट्टी बसवून बरं वाटलं होतं, म्हणून यांनाही पट्टीच हवी होती. वही लिहायला लावली. तीन दिवसांत अकरा वेळा कपडे ओले झाले, त्यातले नऊ वेळा घाईने. खोकल्याने फक्त दोनदा. पट्टीने त्यांची घाई गेली नसती, उलट वाढूही शकली असती. मावशी खोटं बोलत नव्हत्या. शेजारणीचे शब्द त्यांच्या तोंडात बसले होते. म्हणून मी वहीवर इतकी अडून बसते.

शाळेची साधी वही घ्या, पाच रकाने आखा: वेळ, काय आणि किती प्यायलं, किती लघवी झाली, गळली का, तेव्हा काय करत होतो.

लघवी मोजायला मापाच्या खुणा असलेला प्लास्टिकचा मग आणा आणि तो बाथरूममध्येच ठेवा. चहा, ताक, दूध, सगळं लिहा. कट्ट्यावर उभं राहून प्यायलेला दुधाचा ग्लाससुद्धा. रात्री उठलात तर तीही वेळ लिहा. सलग तीन दिवस हवेत आणि ते नेहमीसारखे हवेत. नवरात्राचा उपास, जोतिबाची यात्रा, घरातलं लग्न असे दिवस धरू नका.

गळती किती होते हे कळायला पॅड वजन करा. स्वयंपाकघरातला एक-एक ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा चालतो. कोरं पॅड तोला, वापरलेलं पिशवीत घालून तोला, पिशवीचं वजन वजा करा. एक ग्रॅम वाढ म्हणजे साधारण एक मिली लघवी. चोवीस तासांची बेरीज काढा. हाच आकडा ऑपरेशननंतर तुलनेला लागतो, आणि पुरुषांमध्ये पट्टी पुरेल की झडप लागेल हे ठरवायलाही.

नेहमीच्या चुका: गळू नये म्हणून त्या तीन दिवसांत पाणीच कमी पिणं. रात्रीची पानं सकाळी आठवून भरणं. "थोडी", "बरीच" असं लिहिणं. आणि सुनेला किंवा लेकीला कळू नये म्हणून वही लपवणं, मग ती सापडतच नाही.

तपासा: एका वेळी जास्तीत जास्त किती मिली झाली, रात्री किती वेळा उठलात, आणि गळतींपैकी किती दाबाच्या, किती घाईच्या. हे तीन आकडे वहीच्या शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. ओपीडीत डॉक्टरांना पाच मिनिटं मिळतात. त्यात ते एवढंच पाहतील.

पायरी ३: आधीचे तीन महिने

ही पायरी सगळ्यात जास्त लोक गाळतात. "व्यायामानं काय हुणार ओ आता?" असं म्हणतात. दाबाच्या गळतीत नीट केलेल्या व्यायामाने पुष्कळ जणींची गळती इतकी कमी होते की ऑपरेशनचा विषयच मागे पडतो. आणि ऑपरेशन झालंच, तरी ते स्नायू पुढे कामाला येतात.

व्यायाम असा करा. आडवं झोपा, गुडघे वाकवा. वारा सरकू नये म्हणून आपण जो भाग आत ओढतो, तो ओढा. बायकांनी त्याच वेळी योनीचा भाग वर खेचल्यासारखा करायचा. पुरुषांनी लिंगाचं मूळ आत जातं आणि अंडकोश किंचित वर उचलले जातात का ते पाहायचं. सहा ते दहा सेकंद धरा, तितकाच वेळ सोडा. असं आठ ते दहा वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. जमायला लागलं की बसून, मग उभं राहून. आणि खोकला येणार, घागर उचलायची, म्हशीखालून भरलेली बादली उचलायची, तर त्याआधीच आवळायचं. ही एक सवय पहिल्या महिन्यातच फरक दाखवते.

नेहमीच्या चुका: श्वास कोंडणं. आत ओढण्याऐवजी खाली ढकलणं, म्हणजे नेमकं उलटं काम. मांड्या आणि कुल्ले आवळून व्यायाम झाला असं समजणं. लघवीची धार मध्येच अडवून रोज सराव करणं: त्याने मूत्राशय अर्धवट रिकामं होण्याची सवय लागते. स्नायू नीट आवळतो का हे कळत नसेल तर या कामातल्या फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवा. चुकीचा व्यायाम तीन महिने केला आणि म्हणे फरक नाही, हे मी फार वेळा ऐकलंय.

याच तीन महिन्यांत बाकीची कामंही उरका. जुना खोकला असेल तर त्याचा इलाज करा, कारण प्रत्येक खोकला नव्या पट्टीवर हातोडा मारतो. बद्धकोष्ठ घालवा. वजन जास्त असेल तर जमेल तेवढं उतरवा. शुगर ताब्यात आणा, रिपोर्ट हातात ठेवा. तंबाखू आणि विडी सोडा. इथे बायकांना एक गोष्ट स्पष्ट सांगते: मिश्री हीसुद्धा तंबाखूच आहे. "मी कुठं तंबाखू खाते" म्हणत दिवसातून चार वेळा मिश्री लावणाऱ्या आयाबायांच्या जखमा भरायला वेळ लागतो. डॉक्टरांनी विचारलं की मिश्रीचं नाव घ्या.

सगळ्या गोळ्यांची पिशवी डॉक्टरांना दाखवा. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी असू शकते, शुगरच्या काही नव्या गोळ्यांनीही लघवी वाढते. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. वेळ बदलली तरी कधी कधी निम्मा त्रास जातो. पाळी गेलेल्या बायकांना योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं मलम उपयोगी पडू शकतं, विचारून घ्या.

घाईची गळती असेल तर आधी मूत्राशयाला सवय लावायची. वहीत दीड तासाला जाता असं दिसलं तर आठवडाभर पावणेदोन तास, मग दोन. चहा कमी. त्याने नाही भागलं तर गोळ्या. वयस्कर माणसात काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, बोलण्यात गोंधळ येतो. असं दिसलं तर लगेच सांगा, दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या असतात.

पुरुषांसाठी: प्रोस्टेट कॅन्सरच्या ऑपरेशननंतरची गळती पहिल्या वर्षभर आपोआप आणि व्यायामाने कमी होत राहते. म्हणून इम्प्लांटचा विचार साधारण सहा महिने ते वर्षानंतर करतात. तिसऱ्या महिन्यात हताश होऊ नका.

पायरी ४: तपासण्या, ठरलेल्या क्रमाने

१. लघवीची साधी तपासणी आणि कल्चर, म्हणजे लघवीत कुठले जंतू वाढतात ते पाहणं. कल्चर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी द्यायचं. मेडिकलमधून दोन गोळ्या घेऊन मग नमुना दिला तर जंतू सापडत नाही आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. जागा धुऊन, पहिली धार सोडून, मधली धार बाटलीत घ्या.

२. सोनोग्राफी, लघवीला जाऊन आल्यावर किती उरते त्या मापासकट. दोन-अडीच तास दाबून, पोट फुटायला आल्यावर लघवी केली तर मूत्राशय नीट रिकामं होत नाही आणि उरलेली लघवी उगाच जास्त दिसते. सहज लागेल तेवढंच भरू द्या. ५० मिलीच्या आत उरली तर काळजी नसते. १५०-२०० च्या वर उरत असेल तर कारण सापडेपर्यंत इम्प्लांटचा विषय काढू नये.

३. खोकल्याची तपासणी. भरलेल्या मूत्राशयाने, डॉक्टरांसमोर खोकून दाखवायचं. लाज वाटते, मला ठाऊक आहे. पण त्या लाजेपायी अनेक जणी येण्याआधी बाथरूमला जाऊन येतात. मग गळत नाही, आणि कागदावर "गळती दिसली नाही" असं लिहिलं जातं. भरलेल्या मूत्राशयानेच जा, आत एक बाई सिस्टर हजर असू द्या म्हणून सांगा.

४. युरोडायनॅमिक तपासणी. बारीक नळीतून मूत्राशय भरून आतला दाब मोजतात. साध्या, स्पष्ट दाबाच्या गळतीत ती दरवेळी लागत नाही. मिश्र गळती, आधी झालेलं ऑपरेशन, शुगर, मणक्याचा आजार, लघवी उरणं यांत ती टाळू नका.

५. दुर्बिणीने आतून पाहणी. पुरुषांत झडपेआधी ही लागतेच. नळीत आकुंचन असेल तर आधी ते सोडवावं लागतं.

तपासा: इम्प्लांटची तारीख मिळाली, पण उरलेली लघवी मोजलेलीच नाही? फाइलमध्ये तो आकडा शोधा. नसेल तर मागा.

पायरी ५: कुठल्या गळतीला काय बसतं

बायकांची दाबाची गळती. नळीच्या मधल्या भागाखाली पॉलिप्रोपिलीन नावाच्या प्लास्टिकच्या जाळीची साधारण एक सेंटीमीटर रुंद पट्टी घालतात. ताण न देता, फक्त आधाराला. ती ओटीपोटाच्या बाजूने नेतात किंवा मांडीच्या मुळाकडून. मांडीकडून नेलेल्या पट्टीत जांघ दुखणं जास्त दिसतं, ओटीपोटाकडच्या पट्टीत मूत्राशयाला सुई लागण्याचा धोका असतो. अजून मूल हवं असेल तर पट्टी पुढे ढकला.

जाळीबद्दल मोबाइलवर बरेच निरोप फिरतात, म्हणून नेमकं सांगते. औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने २०१९ च्या एप्रिलमध्ये जी जाळी विकायला बंदी केली ती योनीमार्गे अंग बाहेर येण्यावर घालायची मोठी जाळी होती. गळतीची पट्टी त्यात नव्हती. इंग्लंडने मात्र २०१८ च्या जुलैमध्ये गळतीच्या पट्ट्यांवरही स्थगिती आणली, कारण काही बायकांना कायमच्या वेदना आणि जाळी बाहेर येण्याचा त्रास झाला होता. तेव्हा भीती खोटी नाही. जाळी एकदा ऊतींत मुरली की पूर्ण काढणं अवघड जातं, हे सही करण्याआधी माहीत हवं. जाळी नको असेल तर पर्याय आहेत: पोटाच्या किंवा मांडीच्या आपल्याच ऊतीची पट्टी, किंवा मूत्राशयाच्या मानेजवळचा भाग टाक्यांनी वर बांधणं. जखम मोठी, पण परकी वस्तू आत राहत नाही. नळीच्या भिंतीत जेलचं इंजेक्शनही देतात. सोपं आहे, पण गुण कमी येतो आणि पुन्हा घ्यावं लागू शकतं.

पुरुषांची दाबाची गळती. थोडी असेल आणि रेडिएशन झालेलं नसेल तर पट्टी चालू शकते. जास्त असेल तर कृत्रिम झडप. तिचे तीन भाग: नळीभोवतीचं कडं, पोटात ठेवलेला फुगा आणि अंडकोशाच्या पिशवीतला पंप. कडं द्रवाने भरलेलं असतं आणि नळी बंद ठेवतं. पंप दाबला की द्रव फुग्याकडे जातो, कडं सैल पडतं, लघवी होते. मग तीन ते पाच मिनिटांत कडं आपोआप भरतं.

झडपेआधी एक परीक्षा घरीच घ्या. पायजम्याच्या खिशात लहान लिंबू ठेवा आणि कापडावरून, न बघता, दोन बोटांनी ते शोधून दाबा. हात थरथरतात, बोटं वाकत नाहीत, लकव्याने हात गेलाय, विसरायला होतं, तर डॉक्टरांना आधी सांगा. यंत्र उत्तम बसवलं आणि दाबताच आलं नाही तर लघवी अडकते. घरात दुसरं कोण दाबून देणार, हे उघड बोलून ठरवा. सूनबाई करील असं परस्पर गृहीत धरू नका.

घाईची गळती, व्यायाम आणि गोळ्यांनी न हटणारी. इथे मज्जातंतूचं यंत्र. हे दोन टप्प्यांत होतं. आधी फक्त तार बसवून बाहेरच्या यंत्राने एक-दोन आठवडे चाचणी. त्या काळात वही पुन्हा लिहायची. त्रास निम्मा तरी कमी झाला तरच बॅटरी कुल्ल्याच्या वरच्या भागात कायमची बसवतात. चाचणीच्या वहीत मनाने चांगले आकडे भरू नका. डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून तसं करणारे मी पाहिलेत. पुढे एमआरआय लागेल असा आजार असेल तर मॉडेल कुठलं, हे आधीच विचारा. या आजाराला मूत्राशयात बोटॉक्सचं इंजेक्शन हाही पर्याय आहे.

पायरी ६: विचारायचं आणि कागदावर घ्यायचं

कोल्हापुरात पट्टीचं ऑपरेशन होतं. झडप आणि मज्जातंतूचं यंत्र बसवणारे हात सगळीकडेच कमी आहेत. त्यासाठी पुण्या-मुंबईला जावं लागलं तर जा, पण नंतरच्या फेऱ्यांचा हिशोब आधीच करा. झडप सुरू करायला आणि बिघडली तर दाखवायला पुन्हा तिथेच जावं लागतं.

डॉक्टरांना विचारा: हे ऑपरेशन तुम्ही वर्षात किती करता? माझ्या गळतीत पूर्ण कोरडं होण्याची अपेक्षा धरू की कमी होण्याची? लघवी अडकली तर काय करणार? काढायची वेळ आली तर इथे काढता येईल का?

खर्चाचा अंदाज लेखी मागा. त्यात इम्प्लांटची किंमत, ऑपरेशन, भूल, खोली वेगवेगळी दाखवायला सांगा. पट्टी हजारांत येते, झडप आणि मज्जातंतूचं यंत्र लाखांत जातं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसेल का, हे सीपीआरमध्ये (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) किंवा योजनेतल्या कुठल्याही रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे तिथे बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, विचारा. ऑपरेशनचं नाव डॉक्टरांकडून कागदावर लिहून न्या आणि दोन गोष्टी वेगळ्या विचारा: ऑपरेशन बसतं का, आणि आत बसवायची वस्तू त्यात धरली आहे का. मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते. नंतर धावाधाव करून काही हाती लागत नाही.

पायरी ७: आधीचा आठवडा

कल्चर पुन्हा. जंतू असतील तर कोर्स पूर्ण करून मगच तारीख. जंतू असलेल्या लघवीत परकी वस्तू बसवणं म्हणजे पू होण्याला आमंत्रण.

जांघेत नायटा, पुळी, ओलसरपणाने सोललेली कातडी असेल तर दाखवा. पॅडमुळे हे हमखास असतं आणि लोक पावडर मारून झाकतात. घरी रेझरने केस काढू नका. बारीक काप पडतात, तिथून जंतू शिरतात. वॉर्डात मशीनने काढतात.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. स्टेंट असलेल्याने आपल्या मनाने गोळी थांबवली तर जीवावर बेतू शकतं.

आणि घर लावा. हे मी हक्काने सांगते. भारतीय संडासावर खुर्ची किंवा कमोड स्टूल बसवून घ्या. म्हशीच्या धारा, वैरण, पाणी भरणं सहा आठवडे कोण करणार त्याचं नाव ठरवा. गगनबावड्याकडच्या बायकांनी भाताच्या लावणीच्या तोंडावर तारीख घेऊ नये. घरात काम पडलं की बाई उठतेच, मग तिला कितीही सांगा.

पायरी ८: दवाखान्यात

पट्टीचं ऑपरेशन अर्ध्या-पाऊण तासाचं असतं. त्यानंतर लघवीसाठी घातलेली नळी काढतात, लघवी करायला लावतात आणि किती उरली ते मोजतात. हे माप झाल्याशिवाय घरी निघू नका. गाडी खाली उभी आहे, भाडं चढतंय म्हणून घाई करणारे नातेवाईक रात्री अकराला लघवी अडकलेल्या मावशींना घेऊन परत येतात.

झडप बसवलेल्यांनो, हे दोनदा वाचा: झडप बसवतात, पण कडं सैल ठेवून यंत्र बंद करून ठेवतात. जखम भरेपर्यंत, साधारण सहा आठवडे, गळती आधीसारखीच राहणार. ऑपरेशन फसलं असं समजून पंपाशी खेळू नका.

निघताना मागून घ्या: डिस्चार्ज कार्ड, इम्प्लांटचं कार्ड, आणि खोक्यावरचा नाव, मॉडेल, नंबर असलेला स्टिकर. स्टिकर फाइलला लावलाय म्हणाले तर त्याचा फोटो काढा.

पायरी ९: पहिले सहा आठवडे

खरा घोळ आठव्या-दहाव्या दिवशी होतो. दुखायचं थांबलेलं असतं. "आता काय बी दुखत न्हाई" म्हणत बाई पाण्याची बादली उचलते. वरचा टाका भरलाय, आतली पट्टी अजून मुरलेली नाही. ती सरकली तर पुन्हा बसवावी लागते.

सहा आठवडे पाच किलोवर काही उचलायचं नाही. नातवंडसुद्धा नाही. उकिडवं बसणं, दुचाकीवरून लांबचा प्रवास, शरीरसंबंध हे डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. चालणं मात्र दुसऱ्या दिवसापासून, आधी घरात, मग अंगणात. शौचाला कुंथू नका. पाणी दीड-दोन लिटर प्या.

पट्टीनंतर लघवी हळू होऊ शकते. जोर लावू नका. पुढे झुका, थांबा, पुन्हा एकदा प्रयत्न करा. चाचणीची तार असलेल्यांनी कमरेतून वाकणं, पिळणं टाळावं, तार सरकते.

लगेच फोन: सहा तासांत लघवी झाली नाही, ताप आला, जखमेतून पू, पंपाच्या जागी लाली किंवा सूज, पॅड भिजेल इतकं रक्त, जांघेत किंवा पायात वाढत जाणारी कळ. रात्र असली तरी करा.

पायरी १०: झडप सुरू करणं

सुरू डॉक्टरच करतात. त्या दिवशी घरातलं एक माणूस बरोबर न्या आणि दोघांनीही तिथेच करून दाखवा.

१. पिशवीतला पंप दोन बोटांत धरा. मऊ भाग खाली, बटणाचा कडक भाग वर.
२. मऊ भाग दाबा, सोडा. चपटा होऊन भरेनासा होईपर्यंत.
३. लघवी होऊ द्या. घाई नको.
४. अजून आहे असं वाटलं आणि कडं भरून बंद झालं, तर पुन्हा दाबा.
५. थेंब झटकून, एक-दोन मिनिटं थांबून कपडे नीट करा. कडं भरायला वेळ लागतो.

चूक एकच, पण मोठी: मऊ भागाऐवजी वरचं बटण दाबणं. त्याने कडं आवळलेल्या स्थितीतच अडकतं. तसं झालं तर जबरदस्तीने दाबत बसू नका, फोन करा. अधूनमधून थोडं टिपकणं चालतं. कोरडं असताना अचानक पुन्हा गळायला लागलं, तर द्रव गळाला असेल किंवा कडं नळीत रुतलं असेल. यंत्र आहे, झिजतं, पुष्कळांत सात ते दहा वर्षांनी बदलावं लागतं.

पट्टी असलेल्या बायकांनी वर्षं उलटली तरी लक्ष ठेवावं: पाळी गेल्यावर आलेलं रक्त, वास येणारा स्राव, पुन्हा पुन्हा लघवीचा जंतुसंसर्ग, संबंधाच्या वेळी नवऱ्याला टोचणं. जाळी बाहेर डोकावत असेल तर असं होतं. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे गेलात तरी "मला पट्टी आहे" हे पहिल्या वाक्यात सांगा.

पायरी ११: खिशातला कागद

एक आबा होते, झडप बसवून चार वर्षं झालेली, रोज रंकाळ्याला फेरी मारायचे. एके रात्री छातीत दुखलं. मुलगा बाहेरगावी, शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं. तिथे धावपळीत लघवी काढायची नळी (कॅथेटर) घातली, कडं सैल करून यंत्र बंद न करता. कुणी सांगितलंच नव्हतं. आवळलेल्या कड्यातून कॅथेटर ढकलला गेला आणि दोन दिवस तसाच राहिला. आबा हृदयाच्या दुखण्यातून वाचले, पण कडं लघवीच्या मूळ नळीत रुतलं आणि सगळं यंत्र काढावं लागलं. इम्प्लांटचं कार्ड घरी कपाटात, साडीच्या घडीखाली जपून ठेवलेलं होतं.

म्हणून हे आजच करा. खालचा मजकूर मराठीत एका कागदावर लिहा, दुसऱ्यावर तोच इंग्रजीत कुणाकडून तरी लिहून घ्या. एक प्रत पाकिटात, एक मोबाइलच्या कव्हरमागे, एक घरातल्या मीटरच्या बोर्डाजवळ. शेजाऱ्यांना जागा दाखवा.

"माझ्या शरीरात लघवीसाठी कृत्रिम झडप आहे. पंप अंडकोशात उजव्या / डाव्या बाजूला आहे. कडं सैल करून, बटणाने यंत्र बंद करून ठेवल्याशिवाय लघवीची नळी (कॅथेटर) घालू नका. नळी बारीक, १२ नंबरची वापरा आणि लवकरात लवकर काढा. जमत नसेल तर ओटीपोटातून नळी घाला. बसवल्याची तारीख, मॉडेल, डॉक्टरांचा फोन."

मज्जातंतूचं यंत्र असेल तर त्याऐवजी: "कमरेखाली बॅटरीचं यंत्र आहे. एमआरआय, ऑपरेशनमधला करंट किंवा हृदयाला शॉक देण्याआधी शक्य असेल तर यंत्र बंद करा. जीव धोक्यात असेल तर थांबू नका."

पट्टी असेल तर एवढंच: "लघवीच्या नळीखाली जाळीची पट्टी आहे, बसवल्याची तारीख."

मजकूर पेनाने लिहा, वर पारदर्शक टेप चिकटवा. पावसाळ्यात शाई पसरते.